टाळ्या झाल्यावर थांबा

रविवारी सकाळी मंडईत, रुमालात गुंडाळलेला बर्फाचा खडा डाव्या डोळ्यावर धरून उभी असलेली बाई तुम्ही कधी पाहिली असेल, तर त्या आमच्या शिर्के मॅडम. त्यांच्या शेजारी घाम पुसत "एकोणीस, वीस, एकवीस" असं मोठ्यानं मोजणारा माणूस आठवत असेल, तर तो मी. माझ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मॅडमबद्दल सांगायला बसलो की मात्र मला अजूनही धीर निघत नाही. सगळं एकदम सांगावंसं वाटतं आणि मग ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सांगतो.

मी वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडचा. वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एम.ए. झाल्यावर बरीच वर्षं इकडेतिकडे तासिका तत्त्वावर शिकवलं आणि एकोणतिसाव्या वर्षी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवायला लागलो. क्लास झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. शिक्षकांच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि खिडकीत एक मरायला टेकलेली तुळस. मी पहिल्या दिवशी आत गेलो तेव्हा एका खुर्चीवर पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. निळी सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, उजवा डोळा लख्ख उघडा आणि डावा अर्धा मिटलेला. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाची आपण होऊन विचारपूस करायची पद्धत आहे. मी म्हणालो, "मॅडम, रात्री झोप झाली नाही वाटते. चहा आणू का?"

गळ्यात अडकवलेलं ओळखपत्रासारखं कार्ड उचलून त्यांनी माझ्यासमोर धरलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

"मी झोपेत नाही. मी प्यायलेली नाही. मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. तो तुम्हाला होणार नाही, तरी लांब उभं राहायचं असेल तर राहा. विचारलंत तर सांगेन. दुपारी बारानंतर विचारू नये."

मी ते दोनदा वाचलं आणि "सॉरी मॅडम" म्हणालो.

"सॉरी कशाला? तुम्ही तोंडावर विचारलंत. बाकीचे सात वर्षं पाठीमागे विचारतायत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "चहाचं मात्र खरं होतं ना? साखर कमी सांगा."

चहा येईपर्यंत त्यांनी मला आजार समजावून सांगितला. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे त्यांच्या बोलण्याची वेळ. "तुम्ही सोसायटीत राहता का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कॉट बेसिसवर राहतो. "तरी चालेल. असं समजा, पोस्टमन पत्र घेऊन येतो. पत्र बरोबर, पत्ता बरोबर. पण सोसायटीच्या वॉचमनला कुणीतरी पढवलंय की या पत्रपेट्या चोरांच्या आहेत. तो इमानेइतबारे प्रत्येक पेटीच्या तोंडात बोळे कोंबून ठेवतो. पहिली दोनचार पत्रं कशीबशी आत जातात. नंतरची जात नाहीत. माझा मेंदू पापणीला पत्र पाठवतो, वर हो म्हणून. पत्र निघतं. पोचत नाही."

"म्हणजे वॉचमन वाईट?"

"वॉचमन फार चांगला आहे, इंगोले. तोच तर त्रास आहे. माझ्या रक्षणासाठीच नेमलेला आहे."

मी पुढे हा आजार पुस्तकात वाचला, डॉक्टरांकडून ऐकला, पण मला तो कळला तो त्या वॉचमनमुळेच.

मॅडम भूगोल शिकवायच्या. त्यांच्या टेबलावर स्वयंपाकघरात वापरतात तसा टोमॅटोच्या आकाराचा टायमर असायचा. तो बारा मिनिटांवर लावून त्या बोलायला सुरुवात करायच्या आणि तो वाजला की वाक्य जिथे असेल तिथे सोडून द्यायच्या. "मान्सूनचे वारे सह्याद्रीला आडवे येतात, वर चढतात, थंड होतात आणि" एवढ्यात टायमर वाजला की मॅडम खुर्चीत बसत आणि बोट एखाद्या मुलाकडे दाखवत. त्यानं उठून वाक्य पुरं करायचं. नुसतं वाक्यच नाही, पुढची आठ मिनिटं तोच शिकवणार. मॅडम फळ्यावर नकाशा काढत राहायच्या, चूक झाली तर खडूनं टकटक करायच्या. मग विश्रांतीनं आवाज परत आला की पुन्हा बारा मिनिटं.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही काय शिकवण्याची रीत झाली? महिनाभरात कळलं की भूगोलाच्या तासाला वर्गात जागा उरत नाही, पोरं दाराबाहेर चपला काढून जिन्यात बसतात. आपल्यावर बोट येईल म्हणून धडा आधीच वाचून येतात. खेड्यापाड्यांतून आलेली, कधी चार माणसांत तोंड न उघडलेली मुलं तिथे उभी राहून नद्या सांगायची. माझ्या इतिहासाच्या तासाला मी पंचावन्न मिनिटं न थांबता बोलायचो आणि निम्मा वर्ग मोबाइल बघायचा. एकदा हे मी मॅडमना बोलून दाखवलं.

"तुमची तब्येत फार चांगली आहे," त्या म्हणाल्या. "त्याला आता काय करणार?"

असं त्यांचं बोलणं. शब्द मोजून वापरायला लागत, म्हणून एकही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. हसू मात्र त्यांच्या ताब्यात नव्हतं. गालांचे स्नायू वर उचलले जायचे नाहीत, ओठ नुसता मागे ओढला जायचा आणि दात दिसायचे. पाहणाऱ्याला वाटायचं, बाई गुरकावतायत. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवायच्या, "मी अशी दिसले की हसतेय. घाबरू नका."

त्या राहायच्या कसबा पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. प्रत्येक मजल्याच्या वळणावर त्यांनी एकेक स्टूल ठेवलं होतं आणि भिंतीवर चिठ्ठी लावली होती: "हे बसण्यासाठी आहे, नेण्यासाठी नाही." महिन्याभरात त्या स्टुलांवर सगळी इमारत बसायला लागली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तिथेच पेपर वाचायचे. सोसायटीच्या बैठकीत जिन्यातले अडथळे काढावेत असा विषय निघाला, तेव्हा विरोधात सगळ्यात मोठा आवाज त्या आजोबांचाच होता. मॅडमचे यजमान शिर्के काका बसचालक म्हणून निवृत्त झालेले. ते मला म्हणाले, "अहो, माझ्या दोन बायका आहेत. सकाळची भाकरी मोडून खाते आणि मला बोलते. संध्याकाळची मऊ भात गिळते आणि गप्प बसते. लग्न मी सकाळचीशी केलंय, पण सुख दुसरीचं आहे." मॅडम गुरकावल्या. म्हणजे हसल्या.

एवढं असूनही त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली.

आधी त्या एका कॉलेजात शिकवायच्या. शेवटच्या तासाला जीभ जड व्हायची, आवाज नाकातून यायचा. मुलांनी प्राचार्यांना चिठ्ठी दिली, बाई पिऊन येतात. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बोलावलं. सकाळी मॅडम ठणठणीत. "ते म्हणाले, आता तर अगदी बऱ्या दिसता. मी म्हटलं, हो, सकाळी बरी असते. ते म्हणाले, तेच तर मुलं सांगतायत." नोकरी गेली. आजार कळेपर्यंतच्या तीन वर्षांत चार वेळा चष्मा बदलला. टेन्शन घेऊ नका, असं तीन ठिकाणी सांगितलं गेलं. एका नातलगानं दृष्ट काढली. शेवटी साधा खोकला झाला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेल्या, तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्याकडे बघत विचारलं, "सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, असं होतं का तुम्हाला?"

"एवढा एक प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षं कुणी विचारला नाही. विचारला असता तर माझं कॉलेज राहिलं असतं. मला दुसरं काही नको, इंगोले. हा प्रश्न पुण्यात घरोघरी पोचवायचाय. कुणीतरी आज कुठेतरी आळशी म्हणून शिव्या खातंय."

त्यासाठी त्यांनी एकदा छोटं सभागृह घेऊन व्याख्यान ठेवलं. अकरा माणसं आली. त्यात आम्ही क्लासमधले सात, शिर्के काका, जिन्यातले आजोबा आणि सभागृहाचा शिपाई. अकरावे गृहस्थ हॉल चुकले होते. परतताना रिक्षात मॅडम म्हणाल्या, "लोक सभागृहात येत नाहीत. लोक मंडईत येतात."

त्या डॉक्टरीणबाईंनी निदानाच्या आधी एक गंमत केली होती. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला होता. थंडाव्यानं ती पत्रं थोडा वेळ पोचायला लागतात. बर्फ काढला आणि मॅडमनी आरशात पाहिलं तर पापणी वर. "इतक्या दिवसांनी माझे दोन डोळे एकसारखे पाहिले," त्या म्हणाल्या. तो क्षण त्यांना सगळ्यांना दाखवायचा होता.

पुढच्या रविवारी आम्ही मंडईत गेलो. दगडी इमारतीच्या बाहेर, भाज्यांच्या रांगा संपतात तिथे एक रसवंती आहे. तिच्या मालकानं बर्फ दिला. मॅडम एका उलट्या क्रेटवर उभ्या राहिल्या आणि स्वच्छ सकाळच्या आवाजात म्हणाल्या, "माझी ही पापणी बघून ठेवा. आमचे सर एकशेवीसपर्यंत मोजतील. मग पुन्हा बघा." आणि बर्फ डोळ्यावर धरला.

मी मोजायला लागलो. शिकवताना माझा आवाज चांगला लागतो, पण मंडईत कोथिंबिरीच्या ओरड्यापुढे तो टिकेना. तिसापर्यंत चौघंजण थांबले होते. साठाला तेही निघायला लागले, तसं मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. मी घाबरून गावाकडच्या बोलीत ओरडलो, "काहून चालले बाप्पा सगळे? थांबा ना जराशिक! बाईची पापनी वर जाणार आहे!" माणसं हसली, वळली आणि थांबली. नव्वदपासून पुढे बायका माझ्याबरोबर मोजायला लागल्या. एकशे दहा, एकशे अकरा. वांगी निवडणारी निवडायची थांबली. एकशेवीसला मॅडमनी बर्फ काढला, डोळा टिपला आणि चेहरा वर केला.

दोन्ही डोळे सताड उघडे होते.

काय सांगू तुम्हाला. टाळ्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एका आजीनं पुढे होऊन मॅडमच्या चेहऱ्यावरून बोटं मोडली. मॅडमनी गर्दीला तो प्रश्न सांगितला, सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट असं तुमच्या घरात कुणाचं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, एवढंच. मग काळा गॉगल चढवला आणि आम्ही निघालो. कारण आवाज संपत आला होता. परतताना त्या म्हणाल्या, "ते 'काहून' सोडू नका. पुण्याची गर्दी पहिल्यांदा तुमच्याकडे बघायला लागली ती त्याच्यामुळे." पुण्यात आल्यापासून जी बोली मी लपवत होतो, ती त्या दिवसापासून मंडईत मोठ्यानं बोलायला लागलो.

मग आमचे रविवार सुरू झाले. माणसं वाट बघायला लागली. मॅडमना "बर्फवाल्या बाई" असं नाव पडलं.

चौथ्या रविवारी मंगल पुढे आली. लिंबू-मिरची विकायची, तीसेक वर्षांची, सासवडकडची. तिच्या दोन्ही पापण्या खाली आल्या होत्या आणि आमच्याकडे बघण्यासाठी ती हनुवटी वर करून उभी होती. "बाई, मला बी आसंच हुतं. पहाटं काय न्हाई. माल उतरवला की डोळं मिटत्यात."

मागून तिची सासू गजराबाई म्हणाली, "सोंगं हायती. कामाच्या वक्ताला पापण्या पडत्यात. जेवायच्या वक्ताला पडल्यात का कधी?"

मॅडमनी सासूला विचारलं, "जेवताना मध्येच थांबते का? जबडा हातानं धरते?"

गजराबाईनं मंगलकडे पाहिलं. मग म्हणाली, "धरती."

मॅडमनी मंगलला क्रेटवर बसवलं. बर्फ धरला. त्या दिवशी सबंध मंडई मोजत होती. मंगलच्या पापण्या वर गेल्या आणि ती रसवंतीच्या आरशात बघून इतकी हसली की तिची सासूही हसली. दुसऱ्या दिवशी मॅडम तिला स्वतः सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या आणि तोच आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या. मॅडमनी क्लासमध्ये पेढे वाटले. एखाद्याला आजार निघाला म्हणून पेढे वाटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, पण तिचा तो आनंद मला पुरता समजला. दोन महिन्यांत मंगल पाट्या उचलायला लागली होती.

आता चूक सांगतो. ती आमची होती, मंडईतल्या कुणाची नाही.

बर्फाची कीर्ती पसरली. रसवंतीवाल्यानं पुठ्ठ्यावर लिहून टांगलं, "डोळ्याचा बर्फ मिळेल." लोक रांजणवाडीवर बर्फ लावायला लागले, मोतीबिंदूवर लावायला लागले. एक गृहस्थ गुडघ्यावर लावून घेऊन एकशेवीसपर्यंत मोजायचे. आम्ही क्लासमध्ये येऊन हे एकमेकांना सांगायचो आणि हसायचो. आमच्या डोक्यात आलंच नाही की बर्फानं वर गेलेली पापणी चार-पाच मिनिटांत परत खाली येते, आणि ती खाली येताना मंडईतल्या एकाही माणसानं पाहिलेली नाही. टाळ्या झाल्या की मॅडम गॉगल घालायच्या. ऊन सहन होत नाही हे कारण खरं होतं. पण नंतर त्यांनीच मला सांगितलं, "उन्हाचं निमित्त होतं, इंगोले. लोकांनी मला दोन डोळ्यांची बघितलेली. तसंच लक्षात ठेवावं असं वाटायचं."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंगलची जागा रिकामी होती. पुढच्याही रविवारी. आम्ही क्रेट मांडत होतो तेवढ्यात गजराबाई गर्दीतून आली आणि मॅडमचा हात धरून म्हणाली, "बाई, ती मशिनीवर हाय. दम घ्यायचा थांबली."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळं कळलं. गोळ्यांनी मंगलच्या पोटात ढवळायचं. तिनं त्या बंद केल्या. रोज दुपारी रसवंतीवरून बर्फ आणून लावायची. पापण्या वर जायच्या, तिला वाटायचं आजार गेला. मग ताप आला, गिळता येईना, आणि एका सकाळी छातीच हलेना. या आजारात श्वासाचेही स्नायू थकतात. गजराबाई रागानं बोलत नव्हती, खरंच विचारत होती. "तुमीच दावलं न्हवं बर्फानं बरं हुतं म्हून?"

मॅडमनी गळ्यातलं कार्ड काढलं आणि पिशवीत टाकलं.

आठ दिवस त्या रोज तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. क्लासमध्ये त्यांचे तास मी घेतले, टोमॅटोचा टायमर लावून. दुपारी डबा घेऊन जायचो. जबडा चालत नसल्यामुळे त्या ताकभात कालवून पीत असायच्या. एकदा म्हणाल्या, "माझं कॉलेज गेलं, ते दुसऱ्यांच्या अज्ञानानं. हिचा श्वास गेला, तो माझ्या हुशारीनं. आता मंडई बंद." मी डबा धुऊन आणला.

नवव्या दिवशी मंगलच्या घशातली नळी काढली. आम्हाला दोन मिनिटं आत सोडलं. ती उशांना टेकून बसली होती, आवाज म्हणजे नुसती फुंकर. मॅडम पलंगाशी वाकल्या. दुपारची वेळ होती, गॉगल पिशवीत होता आणि त्यांचा डावा डोळा पुरता मिटला होता. मंगल त्याच्याकडे बघतच राहिली.

"बाई, तुमची बी परत पडती व्हय?"

"पडते," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांत."

"मला वाटलं, तुमी बऱ्या झालाय." तिनं दम घेतला. "मंग ती पडताना का न्हाई दावत?"

मॅडमनी पिशवीतून कार्ड काढलं आणि पुन्हा गळ्यात घातलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मंडईत गेलो तेव्हा मी पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाबरलेलो होतो. मॅडमनी क्रेटवर चढून सांगितलं, "आज टाळ्या झाल्यावर कुणी जायचं नाही. टाळ्या झाल्यावर थांबा." बर्फ, मोजणं, पापणी वर, टाळ्या, सगळं नेहमीसारखं झालं. मॅडमनी पिशवीतून गॉगल काढून माझ्या हातात दिला आणि उन्हात चेहरा वर करून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

पहिल्या मिनिटात काही झालं नाही. लोक चुळबुळ करायला लागले. दुसऱ्या मिनिटाला पापणीची कड थरथरली. मग ती उतरायला लागली. इतकी हळू, की उतरते आहे की आपल्याला भास होतो आहे ते कळत नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं, "अरेरे, फसलं." मॅडम हलल्या नाहीत. पापणी बाहुलीच्या वरच्या कडेला टेकली, अर्ध्यावर आली, आणि होती तिथे येऊन थांबली. मंडईत तेवढ्या तुकड्यात कुणी ओरडत नव्हतं.

"फसलं नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज आता नाकातून येत होता. "हे असंच असतं. बर्फ फक्त ओळखायला. जगायला ही." आणि त्यांनी गोळ्यांची पट्टी वर धरली. पुढचं मी सांगितलं. गोळी मनानं बंद करायची नाही, पोट ढवळलं तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी फेकायची नाही. मंगलचं काय झालं तेही सांगितलं. गजराबाई पुढेच बसली होती. मध्येच उठली, रसवंतीपाशी गेली, "डोळ्याचा बर्फ मिळेल" हा पुठ्ठा तिनं ओढून काढला आणि त्याच्यावर बसून पुढचं ऐकलं.

गेल्या वर्षी मला वाशिमला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. आईवडील तिकडे, जाणं भागच होतं. आज माझ्या वर्गात टेबलावर एक टायमर असतो आणि पोरं वाक्यं पुरी करतात. हे मी मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तब्येत बिघडली वाटतं तुमची."

पुणं सोडायच्या आधीच्या रविवारी मी बॅग घेऊनच मंडईत गेलो. मॅडमची तब्येत त्या आठवड्यात बरी नव्हती, सकाळीच आवाज गेलेला. क्रेटवर त्या नुसत्या बसल्या होत्या. मोजत होती मंगल, लिंबांच्या ढिगामागून, खणखणीत. मी गर्दीत मागे उभा राहिलो. एकशेवीस झाले, पापणी वर गेली, टाळ्या झाल्या, तो प्रश्नही मंगलनंच सांगितला. दोघंतिघं निघायला लागले तसा मॅडमनी नुसता तळहात वर केला आणि ते थांबले. पापणी उतरायला लागली.

माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या हातात मेथीच्या दोन जुड्या, आजी त्यांच्या खांद्याला धरून उभ्या, मान किंचित मागे टाकलेली. आजोबा बराच वेळ मॅडमकडे बघत होते. मग आजींच्या चेहऱ्याकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, असंच होतं ना गं तुला?"

आजी म्हणाल्या, "तुम्ही आज विचारताय."

मॅडमना ते ऐकू गेलं. त्या क्रेटवरून उतरल्या, गर्दीतून वाट काढत आजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. गळ्यातलं कार्ड त्यांनी आजोबांच्या हातात दिलं. पापणी तोवर पुरती खाली आली होती. त्यांचा ओठ मागे ओढला गेला, दात दिसले, आणि आजी दचकून नवऱ्याच्या मागे सरकल्या.

"घाबरू नका," मी मागून म्हणालो. "मॅडम हसतायत."